चढलेलं इंजिन

‘बनवू की,’ एवढंच वामनराव बोलले होते. त्या ‘बनवू’चा अर्थ कुणाकडून तरी बनवून घेऊ, सगळे मिळून बघू, पुढचं पुढे, असा साधा सभेतला होता. सभेत बोललेलं नंतर करायचंही असतं, हे वामनरावांना उभ्या आयुष्यात कधी कुणी सांगितलं नव्हतं. (सभेला चहा असतो, एवढंच ते ऐकून होते.)

सभा भरली होती दारव्ह्याच्या रेल्वे स्टेशनवर, ‘गाडी वाचवा समिती’ची. गाडी म्हणजे शकुंतला, यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारी आपली नॅरोगेज. ती बंद होणार अशी बातमी दर वर्षी येई आणि दर वर्षी समिती भरे. समितीत माणसं थोडी आणि खुर्च्या जास्त, कारण खुर्च्या प्रभावतीबाईंच्या होत्या. प्रभावतीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बोलायला लागल्या की समोरची म्हातारी माणसंसुद्धा हाताची घडी घालून बसत.

“पुढच्या आठवड्यात रेल्वेचे मोठे साहेब पाहणीला येतायत,” त्या म्हणाल्या. “शाल नि नारळ सगळेच देतात. शाल साहेबाची बायको ठेवून घेते आणि नारळ ड्रायव्हर फोडतो. साहेबाच्या टेबलावर राहील असं काहीतरी द्या, म्हणजे आपली आठवण राहील.”

सगळे गप्प. त्या शांततेचा वामनरावांना फार त्रास झाला. “इंजिनच देऊ ना लहानसं,” ते म्हणाले. “आपलं जुनं वाफेचं होतं, तसं.”

“कोण बनवेल?”

“बनवू की.”

“ठरलं तर,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “इंजिन वामनराव स्वतःच्या हातानं बनवतील. टाळ्या.”

टाळ्या पडल्या. आणि गंमत अशी की त्या पडताना वामनरावांना बरंसुद्धा वाटलं.

बरं वाटण्यासारखं त्या वर्षी दुसरं काही घडत नव्हतं. वामनराव कापूस संकलन केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब आहे ते पाहायचं आणि कापसाची प्रत सांगायची. त्यांच्या त्या अंगठ्यांना तालुक्यात मान होता. पण ती वर्षंच कापसाला वाईट होती. भाव पडलेले, केंद्र उशिरा उघडलेलं, आणि पैसा लवकर हातात पडावा म्हणून गाड्या केंद्रासमोरून सरळ व्यापाऱ्याकडे जात. बैलगाडीवरचा ओळखीचा शेतकरी मान वळवून दुसरीकडे बघे आणि वामनरावही रजिस्टरात बघत. दिवसभर खुर्चीत बसून त्यांचे अंगठे रिकामे पडले होते. आपल्या हातांनी काहीतरी व्हावं, असं त्यांना आतून वाटत होतं. इंजिन तर इंजिन.

अडचण एकच होती. वामनरावांनी शपथ घेतलेली होती.

मागच्या वर्षी त्यांनी घरातला मिक्सर दुरुस्त केला होता. दुरुस्त झालाही, इतका की त्याचं झाकण उडून शेंगदाण्याची चटणी छताला लागली आणि काही सासूबाईंच्या चष्म्याला लागली. त्याच वेळी बायकोनं, म्हणजे कोकिळाबाईंनी, आईसमोर त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं की या घरात पुन्हा पेचकस हातात धरणार नाही. सासूबाई त्यानंतर थोड्याच महिन्यांत वारल्या. (चटणीचा त्याच्याशी संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी वामनरावांना दोनदा सांगितलं.) त्यामुळे ती शपथ आता मोडता येण्यासारखी राहिली नव्हती.

पण शपथ ‘या घरात’ची होती. बाबूसिंगचं दुकान घर नव्हतं.

बाबूसिंग राठोड हा वामनरावांचा शाळेपासूनचा दोस्त. बाजाराच्या रस्त्याला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोक आता रेडिओ दुरुस्त करत नसत, नवा घेत. त्यामुळे बाबूसिंगलाही सवड भरपूर होती.

“इंजिन बनवाचं आहे,” वामनराव म्हणाले.

“कायचं?”

“रेल्वेचं.”

“आधी कधी काही बनवलं काय तुम्ही?”

“मिक्सर.”

“तो तं मी ऐकला आहे,” बाबूसिंग म्हणाला आणि त्यानं दुकानाच्या मागच्या भागाचा पडदा सरकवला. “या आतमंदी.”

पहिला प्रश्न चाकांचा आला. वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि जुन्या इंजिनाला चाकं किती यावर दारव्ह्यात एकमत नव्हतं. बाबूसिंग म्हणे एका बाजूला चार. पानठेल्यावाला म्हणे तीन मोठी नि एक लहान. वामनरावांना लहानपणी पाहिलेलं इंजिन स्पष्ट आठवत होतं, पण त्यांच्या आठवणीत ते वाफेत होतं आणि चाकं काही दिसत नव्हती. शेवटी वामनरावांनी कागदावर चित्र काढलं. ते पाहून बाबूसिंगनं विचारलं की हे पाण्याचं टँकर कायले काढलं. तेव्हा त्यांनी चित्राचा नाद सोडला आणि सरळ वस्तूंना हात घातला.

वस्तू घरातल्याच होत्या. वामनरावांचं म्हणणं असं की बाजारातून पत्रा आणून इंजिन कुणीही करील. घरातल्या वस्तूकडे बघून तिच्यातलं इंजिन ओळखायला ग्रेडरची नजर लागते. त्या नजरेनं त्यांनी संध्याकाळी घरात एक चक्कर मारली. बॉयलर त्यांना खिडकीत उभा सापडला. ती घरातली तीन सेलची जुनी पितळी बॅटरी होती. लांबट, गोल, पुढे काच. वामनरावांना शहारा आला. सेल पोटात, दिवा पुढे. टेपरेकॉर्डरची मोटर बाबूसिंगकडे होतीच. ती याच सेलवर चालली असती. ज्यानं कुणी ही बॅटरी बनवली त्याच्या मनात बहुतेक इंजिनच असणार आणि ऐनवेळी धीर सुटला असणार, अशी त्यांची खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरल्याप्रमाणे लाइन गेली. भारनियमनाचे दिवस ते. लाइन येण्याचा नेम नसे, जाण्याचा मात्र असे.

“अहो, बॅटरी कुठी हाय?” कोकिळाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“दुरुस्तीले देली.”

“कायले? परवा तं चांगली चालत होती.”

“म्हणूनच. बिघडायच्या आधी दाखवून घेतलेली बरी.”

अंधारात कोकिळाबाईंनी फोडणीत मोहरीऐवजी चहाची पत्ती टाकली. वामनराव ते वरण तक्रार न करता जेवले. इथेच कोकिळाबाईंना पहिला संशय आला, कारण वामनराव वरणाबद्दल रोज काहीतरी बोलत असत.

मग चाकं. कोकिळाबाई घरी ब्लाउज शिवायच्या. त्यांच्या मशीनच्या डब्यात पत्र्याच्या बॉबिनी होत्या आणि बॉबिनीला दोन्ही बाजूंनी काठ असतो, म्हणजे रुळावर बसायला आयतीच. बॉबिनी एकेक करून कमी होऊ लागल्या. “उंदीर नेत असन,” वामनराव म्हणाले, “दोऱ्यासाठी.” कोकिळाबाईंनी डब्याजवळ पिंजरा न लावता चाप लावला. पुढच्या बॉबिनीच्या वेळी त्या चापानं आपलं काम चोख केलं. अंगठ्याला पट्टी बांधून वामनराव केंद्रावर गेले आणि घरी येऊन सांगितलं की वजनाच्या काट्यावर बोट सापडलं.

“काट्यावर?” कोकिळाबाई म्हणाल्या. “कापूस कोणाचा होता?”

वामनरावांनी पट्टीची गाठ सोडून पुन्हा बांधली. सगळ्या दारव्ह्याला माहीत होतं की काटा आठवडाभर हलला नव्हता.

शेवटी राहिला घुमट. इंजिनाच्या पाठीवर धुराड्यामागे पितळेचा एक गोल घुमट असे, एवढं मात्र सगळ्यांना आठवत होतं. त्या आकाराची वस्तू घरात एकच होती: देवळीतला कुंकवाचा करंडा. तो उचलताना वामनरावांचा हात थोडा अडला. पण तोपर्यंत इंजिन इतकं पुढे गेलं होतं की घुमटाशिवाय ते टकलं दिसत होतं. ‘दोन दिवसांत दुसरा आणून ठेवू,’ असं मनाशी म्हणून त्यांनी तो खिशात घातला. आत थोडं कुंकू होतं, ते काढायचं राहून गेलं.

आता डाख द्यायचा होता, म्हणजे हे सगळे तुकडे कथलानं एकमेकांना जोडायचे होते. बाबूसिंगकडे डाख द्यायची विजेची कहाई होती, पण वीज नव्हती. म्हणून त्यानं स्पिरिटचा दिवा काढला. दिव्यावर वाकायचं, वाकड्या नळीनं ज्योतीवर फुंक मारायची, पितळ तापलं की कथिल लावायचं. कापूस चुरगाळून सोडला की फुगून वर येतो. पितळ तसं काही करत नव्हतं. वामनराव एका बाजूला डाख देत तर दुसऱ्या बाजूचा सुटे. धुरानं डोळे लाल झाले. मिशीचं डावं टोक जळलं. फुंकून फुंकून डोकं गरगरू लागलं आणि अंगाला स्पिरिटचा असा वास लागला की दुकानातून निघताना त्यांनी दोन वेलदोडे तोंडात टाकले.

घरी कोकिळाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी लाल डोळे पाहिले, उंबरठ्याला अडखळलेला पाय पाहिला, मग वेलदोड्याचा वास घेतला आणि त्याच्या मागचाही घेतला.

“काय घेऊन आले?”

“काई नाई.”

“वास येऊन राह्यला.”

आता वामनराव मूळचे प्रामाणिक होते. बॅटरी, उंदीर, काटा असं बरंच खोटं बोलून ते दमले होते. निदान वासाबद्दल तरी खरं सांगावं असं त्यांना वाटलं. “स्पिरिटचा आहे,” ते म्हणाले.

कोकिळाबाई भिंतीला टेकून बसल्या.

“दारूपाण्याची गोष्ट समजू शकते मी,” त्या म्हणाल्या. “पण एकदम स्पिरिटवर गेले तुम्ही?”

घरातल्या वस्तू का कमी होत होत्या याचा त्यांना उलगडा झाला. केंद्र बंद पडल्यासारखं, माणूस रिकामा, संगत बाबूसिंगची, आणि बॅटरी, बॉबिनी, शेवटी देवापुढचा करंडा. करंडासुद्धा विकला या माणसानं. त्या रडल्या नाहीत. एसटीडीवर जाऊन त्यांनी लाडखेडला, धाकट्या भावाला, गोविंदाला फोन केला.

गोविंदा दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. (लाडखेडहून दारव्ह्याला शकुंतलेनं येता येतं, तो जीपनं आला.) गोविंदानं स्वतः दोन वर्षांपूर्वी दारू सोडली होती आणि तेव्हापासून त्याचा स्वभाव बिघडला होता. लग्न, बारसं, तेरवी, कुठेही चार माणसं जमली की तो दारूचे तोटे सांगायला उभा राही. त्याच्यामुळे काही नातेवाईक नव्यानं प्यायला लागले, असंही म्हणत.

“ताई, तू बोलू नको,” तो म्हणाला. “रंगेहात पकडाव लागते. मले माहीत आहे. मलेही तसंच पकडलं होतं.”

दुपारी वामनराव निघाले, तसा गोविंदा मागोमाग निघाला. बाबूसिंगच्या दुकानात पुढे कुणी नव्हतं. मागे पडदा ओढलेला होता. वास येत होता. गोविंदानं तो वास पुन्हा एकदा घेतला, खात्री करण्यासाठी, आणि पडद्याला कान लावला.

“थोडीशी अजून टाक,” हा वामनरावांचा आवाज.

“बस झाली ना. जास्त झाली का सगळी वाहून जाते.”

“चढली काय आता?”

“कुठची चढते. इकडून चढवली का तिकडून उतरते.”

“मले वाटते आपल्याले जमतच नाही हे.”

“धीर धरा ना, वामनराव. पहिल्या दिवशी कोणाचीच चढत नाही. अन एकदा चढली, का मंग पाह्यजा, थांबवल्यानं थांबणार नाही.”

गोविंदानं पडदा फाडलाच. म्हणजे त्याला फक्त बाजूला सारायचा होता, पण आवेश मोठा होता आणि पडदा जुना.

आत दोन प्रौढ माणसं जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, एकाच्या हातात डाखाला लावायची पातळ राळ होती. त्यांच्या मधे पडद्याच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचे दोन रूळ होते आणि त्या रुळांवर एक बॅटरी चढत नव्हती.

“भाऊजी,” गोविंदा म्हणाला. त्यानं तयार करून आणलेलं भाषण होतं, पण त्यात बॅटरीचा उल्लेख नव्हता. “हे काय होय?”

वामनरावांनी सगळं सांगितलं. सभा, साहेब, टाळ्या, शपथ. गोविंदा ऐकत होता, पण त्याची नजर रुळांवर होती.

“चाकं चुकले तुमचे,” तो शेवटी म्हणाला. “आमच्या लाडखेडले गाडी पाण्यासाठी थांबत जाय. रोज पाहत जाओ ना मी. मधले चाक मोठे पाह्यजे. सरका जरा.”

आणि तो बसला. त्यानं फुंकायची नळीही घेतली, कारण वामनरावांची फुंक त्याला कमी पडतेय असं वाटलं. संध्याकाळपर्यंत मोटर जोडून झाली, तेलाच्या पिप्याच्या पत्र्याची केबिन बसली आणि गाडी रुळावर चढली. तिघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. गोविंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. (धुराचंही असेल.) उद्यापर्यंत कोकिळाबाईंना काही सांगायचं नाही, असं ठरलं. उद्या साहेब आले, सत्कार झाला, की त्यांना कळेलच, आणि कळेल तेव्हा अभिमानच वाटेल.

दोघे घरी आले. कोकिळाबाईंनी आधी नवऱ्याचा वास घेतला. मग भावाकडे आशेनं वळल्या आणि भावाचाही घेतला.

“दोन वर्षं होते रे गोविंदा,” एवढंच त्या म्हणाल्या.

“ताई, तसं नाही—”

“डोये पाह्य तुहे.”

त्यांनी दोघांना वाढलं आणि स्वतः जेवल्या नाहीत. सकाळी उजाडताच त्यांनी पदर खोचला आणि दारूबंदी महिला समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. दारव्ह्यात समित्या पुष्कळ होत्या, अध्यक्षा एकच होती. प्रभावतीबाई.

प्रभावतीबाई सत्काराच्या तयारीत होत्या. पण एका बाईचा नवरा आणि भाऊ एकाच गुत्त्यात, तेही रेडिओच्या दुकानात, हे ऐकून त्यांनी हार बाजूला ठेवला. नावं विचारायला त्या थांबल्या नाहीत. साहेब दुपारी येणार होते. सकाळी एक गुत्ता उठवायला वेळ होता. पाच-सहा बायका जमल्या. कोकिळाबाईंच्या हातात लाटणं होतं.

दुकानात त्या वेळी इंजिनाला काळा रंग देऊन झाला होता आणि तिघे त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होते.

“बाटली कुठंय?” प्रभावतीबाईंनी विचारलं.

बाबूसिंगनं मुकाट्यानं स्पिरिटची बाटली पुढे केली. प्रभावतीबाईंनी ती घेतली आणि मग त्यांना वामनराव दिसले. वामनरावांना त्या दिसल्या. मधे इंजिन होतं.

“हे इंजिन?” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम. आजचं.”

प्रभावतीबाईंना सगळं समजायला जरा वेळ लागला. कोकिळाबाईंना तेवढाही लागला नाही. त्या इंजिनाजवळ उकिडव्या बसल्या आणि त्यांनी लाटण्याच्या टोकानं एकेक ठिकाण दाखवायला सुरुवात केली.

“ही माही बॅटरी. ह्या माह्या बॉबिनी. ही माही केसाची पिन. हा तेलाचा पिपा, दिवाळीचा. अन हा,” त्यांचा आवाज खाली आला, “माह्या आईचा करंडा.”

वामनरावांना वाटलं होतं की त्यांना अभिमान वाटेल.

“दारू असती तं सोडवली असती हो, मॅडम,” कोकिळाबाई म्हणाल्या. “याले काय करू मी?”

बायका हळूहळू बाहेर गेल्या. प्रभावतीबाई म्हणाल्या, “वामनराव, इंजिन नको. साहेबांना शाल आणू एक.” आणि त्याही गेल्या. बाबूसिंग आणि गोविंदा बाहेर जाऊन उगीच दुकानाची पाटी वाचत उभे राहिले.

वामनरावांनी दिवा पेटवला. इंजिन जवळ ओढलं आणि करंड्याच्या बुडाशी ज्योत धरून फुंकू लागले.

“काय करून राह्यले?”

“काढून देतो. तुह्या आईचा आहे, मी विचाराले पाह्यजे होतं. मले वाटलं, दुसरा आणून ठेवीन. असा दुसरा नसते, ते मले उचलतानीच समजलं होतं. तरी उचलला.”

ते बोलत असताना कोकिळाबाई त्यांच्या हातांकडे बघत होत्या. अंगठ्याला पट्टी, बोटांना फोड, मिशी एका बाजूला आखूड. केंद्र ओस पडल्यापासून हा माणूस घरी येऊन नुसता भिंतीकडे बघत बसायचा. या आठवड्यात त्यानं भिंतीकडे एकदाही पाहिलं नव्हतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या.

“निघते, निघते. थोडंसं तापलं का—”

“राहू द्या म्हणते ना. लग्न झाल्यावर मी याच गाडीनं इकडं आलती. लाडखेडले आईनं खिडकीतून हातात देलता तो. गाडी चालू झालती, आई संगसंग चालत होती, अन गाडी इतकी हळू, का आई स्टेशनच्या पार शेवटापर्यंत संगच होती.” त्या थोडं हसल्या. “गाडीतलाच आहे तो. जाऊ द्या गाडीसंगं.”

वामनरावांनी दिवा विझवला. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण फुंकून फुंकून छातीत वारा राहिला नव्हता.

“पण मी येते स्टेशनावर,” कोकिळाबाई म्हणाल्या. “माह्या करंड्याले कोण नेते ते पाह्यते मी.”

दुपारी साहेब आले. गाडीची पाहणी करायला ते जीपनं आले, कारण गाडीला उशीर होता. पांढरा शर्ट, काळा चष्मा, घाईत. कोकिळाबाईंच्या शब्दावर प्रभावतीबाईंनी शालीचा बेत सोडला होता, त्यांनी भाषण केलं. मग टेबलावर रूळ मांडले गेले, इंजिन ठेवलं गेलं आणि वामनरावांना पुढे बोलावलं. कोकिळाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, गोविंदाच्या शेजारी. गोविंदाचे ओठ हलत होते.

वामनरावांनी बटण सरकवलं. पुढचा दिवा लागला. बॉबिनी थरथरल्या. आणि इंजिन निघालं, मागच्या मागे.

(सेल उलटे पडले होते. सकाळच्या गडबडीत ते कुणी घातले यावर पुढे बरेच दिवस तिघांत वाद होता.)

मागे साहेब होते. रूळ संपले तरी इंजिन थांबलं नाही. बाबूसिंग म्हणाला होताच. ते टेबलावरून घरंगळत साहेबांच्या छातीवर गेलं, साहेबांनी ते दोन्ही हातांनी धरलं, आणि त्यांच्या हातात मोटर अशी काही थडथडू लागली की घुमटाचं झाकण उघडून कुंकवाचा एक लोट वर आला. मग दुसरा. पांढरा शर्ट हळदीकुंकवाला बसल्यासारखा झाला.

वामनरावांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी बटण शोधून बंद केलं. रुमाल काढून चष्मा पुसला. इंजिन उलटसुलट करून पाहिलं. “छान आहे,” ते म्हणाले. माणूस सभ्य होता. “फारच छान. पण रेल्वेवाल्याला रोडरोलर का देताय?”

प्रभावतीबाईंनासुद्धा काही सुचलं नाही, आणि हे दारव्ह्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तेवढ्यात कोकिळाबाई उभ्या राहिल्या.

“साहेब, इंजिन होय ते. तुमच्याच गाडीचं. माह्या मालकानं हातानं बनवलं आहे.”

“अच्छा?” साहेब म्हणाले. “मग ते मागं का जातं?”

“शकुंतला आहे साहेब,” कोकिळाबाई म्हणाल्या. “तिची मर्जी.”

साहेब हसले. मग सगळे हसले, आणि वामनरावांनी डोळे उघडले तेव्हा टाळ्या चालू होत्या. साहेबांनी इंजिन काखेत मारलं, गाडीबद्दल ‘नक्की बघतो’ म्हणाले आणि जीपमध्ये बसले. कोकिळाबाई जीपजवळ जाऊन त्यांना हेही सांगून आल्या की वरचं झाकण आठवणीनं लावत जा, आत कुंकू आहे. घरी परतताना त्या वामनरावांच्या दोन पावलं मागे न चालता शेजारून चालल्या, आणि त्या रात्रीचं वरण चांगलं होतं.

शकुंतलेचं पुढे काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. ती तेव्हाही उशिरा येत होती, नंतरही येत राहिली. साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी सामान कमी करण्यासाठी बऱ्याच भेटवस्तू ओळखीच्यांना देऊन टाकल्या आणि वामनरावांचं इंजिन बांधकाम खात्यातल्या एका मित्राला दिलं, ‘तुझ्या खात्याचं आहे’ म्हणून. हे गोविंदानं कुठूनसं काढून आणलं. त्या मित्राला म्हणे ती वस्तू फारच आवडली. दारव्ह्याच्या लोकांना आपल्या खात्याबद्दल इतकं प्रेम आहे हे त्याला माहीत नव्हतं. खरं-खोटं कोण जाणे. पण त्याच उन्हाळ्यात, कुणी अर्ज केलेला नसताना, बाजारापासून स्टेशनपर्यंतचा सगळा रस्ता डांबरी झाला.

रस्त्याचं काम चालू असताना एका संध्याकाळी वामनराव आणि कोकिळाबाई बाजारातून येत होते. बाबूसिंग दुकानाच्या पायरीवर बसला होता. समोर खात्याचा रोडरोलर उभा होता, जुना, काळा, धुराडं असलेला. वामनराव थांबले. त्यांनी पुढून पाहिलं. मग बाजूला जाऊन पाहिलं. मग जरा वाकून चाकांकडे पाहिलं. बाबूसिंगनं पाहिलं आणि मान खाली घातली.

कोकिळाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बराच वेळ रोलरकडे बघून नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

“साहेबाचं काई चुकलं नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. “हुबेहूब बनवला होता तुम्ही.”